यिम काका जिवंत राहिले तो सिनेमा

सन १९८६. चिनी पंचांगात वाघाचं वर्ष होतं ते. त्या वर्षी सगळं हाँगकाँग मढ्यांच्या नादी लागलं होतं. दोन्ही हात पुढे ताठ धरून उड्या मारत येणारी मढी, कपाळावर मंत्राचा पिवळा कागद, अंगात जुन्या दरबारी अंमलदाराचा निळा झगा. पोरं शाळेच्या जिन्यावरून तशाच उड्या मारत उतरायची आणि आया वरून ओरडायच्या, "पाय मोडून घे, मग जन्मभर तसाच चाल." त्या सिनेमांत नायक बदलायचे, नायिका बदलायच्या, पण मढं बदलायचं नाही. मढं म्हणजे यिम काका.

यिम पाक-शिंग त्यांचं पूर्ण नाव. अठ्ठावन्न वर्षांचे, शिडशिडीत, गालफडं बसलेली, बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. नवव्या वर्षी घरच्यांनी त्यांना एका गाणाऱ्या नाटक कंपनीत घातलं होतं. तिथे कोलांट्या शिकले, मार खाल्ला, आणि वयात येताना आवाज फुटला तो फुटलाच. गाणं गेलं. मग पहिल्या अंकात मरणाऱ्या शिपायाचं काम मिळायला लागलं, आणि कंपनी मोडल्यावर सिनेमात प्रेताचं. बुडालेलं प्रेत, फासावरचं प्रेत, शवपेटीचं झाकण सरकवून उठणारं प्रेत. एकशे बारा वेळा मेलोय, असं ते स्वतःच सांगत.

लाय-फोंगने त्यांतली साठ-सत्तर मरणं तरी आपल्या हाताने रंगवली होती. स्टुडिओत तिला सगळे फोंगताई म्हणत. वय एक्केचाळीस, लग्न केलं नव्हतं, आणि स्वभावाने भारी चौकस. तांदळाच्या कागदाचे तुकडे डिंकात बुडवून काकांच्या गालावर चिकटवायचे, वर राखाडी रंग थापायचा, मग कॅमेऱ्याशेजारी उभं राहून त्यांच्या पोटाकडे बघत राहायचं, हा तिचा पंधरा वर्षांचा नेम. पोट हलत नसे. पापणी लवत नसे. हा माणूस त्या वेळी जातो तरी कुठे, हे तिला काही केल्या कळेना. शेवटी एकदा तिने विचारलंच.

"बाजार करतो," काका म्हणाले.

"कसला बाजार?"

"मनातल्या मनात. मासळीवालीपासून सुरुवात करायची. ती भाव सांगते, मी निम्म्याला मागतो. ती शिव्या देते, मी पुढे जातो, ती परत बोलावते. तोवर डायरेक्टर कट म्हणतो."

"आणि शॉट लांबला तर?"

"मग भाजी पण घ्यायची."

प्रेताचं काम करणाऱ्याला त्या दिवशी लाल पाकीट द्यायचं, ही तिथली रीत. अशुभ अंगाला चिकटू नये म्हणून. त्यातले पैसे घरी न्यायचे नाहीत, वाटेतच खर्चून टाकायचे. काका त्याचे गरम बन घेत आणि सेटवर वाटून टाकत. दुसरी रीत फोटोची. सिनेमातल्या मेलेल्या माणसाची काळ्या फितीची तसबीर भिंतीवर हवी असेल, तर ज्याचा फोटो त्यालाही लाल पाकीट द्यायचं, आणि शॉट संपला की त्याच्यादेखत फोटो फाडायचा. जिवंत माणसाला मेलेल्यांच्या रांगेत टांगलेलं ठेवायचं नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या वर्षी काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. बिक-हा तिचं नाव, बालवाडीत शिकवायची. आई लहानपणीच गेलेली, काकांनी एकट्याने वाढवलेली. मुलगा याऊमातेईतल्या माकशेठचा. माकशेठचं भाजलेल्या डुकराचं दुकान म्हणजे त्या भागातलं नावाजलेलं. सुपारी फुटल्यासारखंच झालं होतं. पंचांग बघून नवव्या महिन्यातला दिवस धरला होता, लग्नाच्या केकच्या पेट्याही सांगून झाल्या होत्या.

आणि एका सकाळी काका खुर्चीत येऊन बसले, मान मागे टाकली, आणि फोंगताईने पहिला कागद गालावर ठेवला तेव्हा म्हणाले, "मला लग्नात पुढे येऊ नका म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

"माकशेठ. लग्न मोडत नाहीत. चांगला माणूस आहे, स्वतः घरी येऊन सांगितलं. पण सकाळी मुलगा मुलीला न्यायला येईल तेव्हा दोघं गुडघे टेकून चहा देतात ना, तो मी घ्यायचा नाही. तिच्या मामाने घ्यायचा. रात्री जेवणालाही मुख्य टेबलावर मी नको."

"का पण?"

"गेल्या आठवड्यात नव्या सिनेमाच्या मुहूर्ताला ते पूजेचं भाजलेलं डुक्कर घेऊन इथे आले होते. सामानाच्या खोलीवरून गेले. तिथे म्हणे माझी तसबीर आहे. काळी फीत लावलेली. आणि पुढे उदबत्ती जळत होती." काकांनी मान सरळ केली. "मी त्यांना म्हटलं, चूक झाली असेल बघण्यात. माझा फोटो फाडलेला आहे."

फोंगताईच्या हातातला कागद तसाच राहिला. कारण तो फोटो फाडलेला नव्हता. फाडायचा होता तो तिनेच.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. तसबिरीचा शॉट झाला तेव्हा काकांना दुसऱ्या सेटवर जायची घाई होती. जाता जाता ते म्हणाले, "फोंग, तूच फाड." तिने फोटो चौकटीतून काढायला घेतला आणि बघतच राहिली. फोटोत काका हसत होते. तो चेहरा तिने इतकी वर्षं हाताखालून घातला होता, पण तो हसताना असा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. उद्या फाडू, म्हणून तिने तो सामानाच्या खोलीत कपाटामागे सरकवला. उद्या काही आला नाही.

दुपारच्या सुट्टीत ती त्या खोलीत गेली. तसबीर कपाटामागून निघून भिंतीवर गेली होती. खाली स्टुलावर राखेची वाटी, तीन काड्या, एक संत्रं. स्टुडिओत चहा देणारी, हो आडनावाची आजी फडक्याने काच पुसत होती.

"आजी, ही तसबीर इथे कुणी लावली?"

"मी. कपाटामागे तोंड भिंतीकडे करून टाकली होती कुणी मेल्याने. गेलेल्या माणसाचा असा अपमान करतात का?"

"आणि उदबत्ती?"

"रोज लावते. संत्रं दर दोन दिवसांनी बदलते. आपलं कुणी नसेल बिचाऱ्याचं." आजीने मान कलती करून तसबिरीकडे पाहिलं. "किती हसरा गं. अवेळीच गेला असेल ना?"

"आजी, ते यिम काका आहेत. तुम्ही रोज सकाळी त्यांना चहा देता."

आजीने फडकं खाली ठेवलं. "छे. ते तर राखाडी आहेत."

फोंगताईला हसावं की रडावं कळेना. तिने तसबीर उतरवली, राखेच्या वाटीसकट काकांकडे नेली आणि कपाटामागच्या गोष्टीसकट सगळं सांगून टाकलं. काका बराच वेळ फोटो बघत बसले.

"का नाही फाडलास?"

"चांगला आला होता."

"चांगला आलाय खरा," काका म्हणाले. मग त्यांनी तो चौकटीतून काढून मधोमध फाडला, पुन्हा फाडला, तुकडे राखेच्या वाटीत टाकले आणि काडी ओढली. "दीड वर्ष मी संत्री खातोय आणि मला पत्ता नाही."

रागावले असते तर बरं, असं फोंगताईला वाटलं. रागावली ती बिक-हा. संध्याकाळी ती तरातरा स्टुडिओत आली. "मग मला लग्नच करायचं नाही. मामाला मी आयुष्यात तीनदा पाहिलंय. मागच्या वेळी त्याने मला विचारलं, तू कुणाची?"

"तू लग्न त्या मुलाशी करतेयस," काका म्हणाले, "त्याच्या बापाशी नाही. तारीख ठरली आहे. गप्प बस."

पण ती गेल्यावर त्यांनी नेहमीसारखे बन वाटले नाहीत. लाल पाकीट खिशात तसंच घेऊन ते बसथांब्यावर उभे होते. दोन बस गेल्या. फोंगताईने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती याऊमातेईला गेली.

माकशेठ मोठ्या ओंडक्यावर डुकराचे तुकडे करत होते. "किती देऊ, बाई?"

"डुक्कर नको. यिम काकांबद्दल बोलायचंय."

"बोला. हात चालू राहील, राग मानू नका."

"फोटो माझ्या चुकीने दीड वर्ष राहिला. काकांनी काल स्वतः जाळला."

"जाळला, बरं केलं. पण उदबत्ती पोचली ना? दीड वर्ष, रोज तीन काड्या. ती परत कशी घेणार?" सुरा खाली आला, कातडी कुरकुरली. "मी त्यांना वाईट म्हणत नाही. मुलगी तर लाखात एक वाढवलीय. पण लग्नाच्या जेवणाला माझी अठ्ठेचाळीस टेबलं आहेत, बाई. त्यांतली निम्मी माणसं त्यांना ओळखतात. कशी ओळखतात? मेलेले म्हणून. माझा मुलगा गुडघे टेकून त्यांच्यापुढे पेला धरणार आणि माझी आत्या चारचौघांत म्हणणार, बघा, माकचा पोरगा मढ्याला नैवेद्य दाखवतोय."

"अहो, पण ते तुमच्या-माझ्यासारखे जिवंत आहेत."

"मला कळतं. मला कळून काय उपयोग? लोकांनी त्यांना जिवंत कधी बघितलंय?" माकशेठनी सुरा बाजूला ठेवला, बहुधा त्यांनाच ती कल्पना तेव्हा सुचली. "एकदा दाखवा. एका सिनेमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मेले नाहीत, उठले नाहीत, उडी मारली नाही. तेवढं झालं तर आत्याला मी बघून घेतो."

मुहूर्त झालेला तो नवा सिनेमा कोंग नावाच्या तरुण डायरेक्टरचा होता. कोंगची पटकथा म्हणजे रोज सकाळी पेजेच्या वाडग्याशेजारी बसून लिहिलेला एक कागद. उद्या काय होणार हे त्यालाही आज माहीत नसे. त्यामुळे त्याला पटवणं सोपं गेलं.

"काका जिवंत?" तो म्हणाला. "ताई, माशाला कोरड्यावर चालायला सांगतेस तू."

"नायिकेचा बाप कर त्यांना. औषधाच्या दुकानाचा मालक. शेवटी मुलीचं लग्न लावून देतो."

"आणि मग मढं कोण?"

"कुणी जाडा मिळाला तर बघ. पोरांना बदल."

कोंगने कागदाच्या पाठीवर चार ओळी खरडल्या. झालं.

खरी पंचाईत पुढे झाली. काकांना जिवंत राहता येईना. कॅमेरा सुरू झाला की त्यांचे खांदे आपोआप वर जात, डोळे एका जागी थिजत, श्वास थांबे. गिऱ्हाइकाला औषधाची पुडी द्यायची तर दोन्ही हात सरळ पुढे येत. सेटवरचे कामगार तोंडाला फडकं लावून हसत.

"काका, श्वास घ्या," कोंग ओरडे.

"घेतोय की."

"दिसत नाहीये."

त्या काळी शूटिंगच्या वेळी आवाज घेत नसत. बोलणं मागाहून दुसरेच लोक भरत. पडद्यावर ओठ हलले की पुरे, म्हणून नट संवादाऐवजी खुशाल आकडे म्हणत. नायिका रडून रडून "चौतीस, पस्तीस" म्हणायची आणि नायक "छत्तीस" म्हणून तिला जवळ घ्यायचा. काकांना कोंगने तेच सांगितलं. पण एकशे बारा सिनेमांत ज्याला तोंड उघडावं लागलं नाही, त्याला आकडेसुद्धा जड जात. सतराच्या पुढे ते अडकत.

फोंगताई त्यांच्या चेहऱ्याला आता फक्त हलकासा रंग लावायची. रोज नवं काहीतरी दिसायचं तिला. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. घाबरले की काकांचे कान हलत. इतकी वर्षं हे सगळं राखेखाली होतं.

शेवटच्या दिवशी चहाचा शॉट होता. नायिकेने लाल पोशाखात गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पेला पुढे केला. काकांनी तो घेतला. या खेपेला त्यांनी आकडे म्हटले नाहीत. अगदी हळू, कॅमेऱ्याला नुसते ओठ दिसतील असं, ते बोलले, "तुझ्या आईला फार गोड लागायचं. तू साखर कमी घाल. थंडीत कान झाक." फोंगताई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिला ऐकू आलं. नायिका आकडे विसरली. कोंगने कट म्हणायला उशीर केला. पुढे तिथे कुणा दुसऱ्याच्या भारदस्त आवाजात "बाळ, सुखाने संसार कर" असं भरण्यात आलं, ते सोडा.

मेलेले मोकळे फिरतात म्हणतात त्या भुतांच्या महिन्यात सिनेमा लागायचा होता. त्याआधीच्या शनिवारी मध्यरात्रीचा पहिला खेळ. मध्यरात्रीचं ते पब्लिक म्हणजे परीक्षाच. आवडलं नाही तर पडद्याला शिव्या, डायरेक्टरच्या आईबापाचा उद्धार, आणि सकाळी निर्माता कात्री घेऊन बसलेला. माकशेठ बायकोला घेऊन आले होते. फोंगताई त्यांच्या मागच्या रांगेत बसली. काका अगदी मागे, दाराजवळ उभे.

पडद्यावर औषधाच्या दुकानात काका दिसले आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "आले, आले," कुणीतरी म्हणालं. मग सगळे वाट बघायला लागले. काकांनी पुडी बांधली. आता मरणार. काका जिना उतरले. आता पाय घसरणार. काका चहा प्यायला बसले तेव्हा तर हॉल इतका चिडीचूप झाला की पंख्यांचा आवाज ऐकू यावा. पेल्यात विष आहे, अशी शेजारच्या माणसाने बायकोला खात्री दिली. काकांनी चहा संपवला, ओठ पुसले.

"काका, मरताय कधी?" बाल्कनीतून आवाज आला. हॉल हसला. पण पडद्यावर "समाप्त" आलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. "पैसे परत द्या," "काकांना काय झालं, बरे आहेत ना?" असं ओरडत लोक बाहेर पडले.

बाहेर पायऱ्यांवर कोंग डोकं धरून बसला होता. "काका, लोक तुमच्या मरणासाठी आले होते."

"ऐकलं मी," काका म्हणाले. "सिनेमा लागतोय कधी?"

"गुरुवारी."

"मग मंगळवारी मरतो. चहा झाल्यावर. तिथे जागा चांगली आहे."

फोंगताई संतापली. "तुम्हाला कुणी विचारलं होतं? तो मागत नाही आणि तुम्ही आपणहून देता? मुलीच्या लग्नाचं काय?"

काका तिच्याकडे वळले. "फोंग, मी दाराशी उभा राहून लोकांकडे बघत होतो. मी चहा पीत होतो तर कुणी पापणी लववली नाही. सगळे श्वास धरून. माझ्यासाठी. आयुष्यभर मी पडून राहिलो, मला कसं कळणार समोर काय चाललंय ते? त्यांना फसवून घरी पाठवायचं? तेही मीच?"

"आणि माकशेठ?"

"त्यांना मी सांगतो. दुसऱ्याकडून कळायला नको."

सकाळी दोघं याऊमातेईला गेले. दुकान नुकतंच उघडलं होतं. माकशेठ आकड्यांना डुकरं लावत होते.

"मी मंगळवारी मरतोय," काका म्हणाले. "तुमची अट मोडली. सकाळचा चहा मामा घेईल. माझा राग नाही, मुलीचाही राहणार नाही, तिला मी समजावीन."

माकशेठनी आणखी एक डुक्कर आकड्याला अडकवलं. आतून त्यांची बायको म्हणाली, "सांगा ना त्यांना रात्री काय केलंत."

"काय केलं?" फोंगताईने विचारलं.

"घरी येईपर्यंत चिडचिड. पैसे फुकट गेले, पैसे फुकट गेले. मी म्हटलं, अहो, तुम्हालाच तो माणूस जिवंत हवा होता ना? तर म्हणतात, हो, पण मला वाटलं पेल्यात विष असेल."

माकशेठचे कान लाल झाले. फोंगताईने खाली बघितलं. काका मात्र हसले नाहीत. ते आकड्यांवरच्या डुकरांकडे बघत होते.

"हे कुठे जायचं?" त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं.

"हे? बारशाला. महिन्याचं बाळ आहे."

"आणि ते?"

"एकाच्या बापाचं वर्षश्राद्ध. डोंगरावर, थडग्यावर."

"भट्टी एकच?"

"एकच."

"थडग्याचं डुक्कर भाजलं म्हणून बाळाच्या घरच्यांनी कधी भट्टी बदलायला सांगितली?"

माकशेठनी टॉवेलने हात पुसले, मग मान, मग पुन्हा हात. काका वाद घालायला आलेच नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असावं. शेवटी माकशेठ म्हणाले, "मंगळवारी मरा. पण बुधवारपासून लग्न होईपर्यंत दुसरं मरण घ्यायचं नाही. कितीही मोठा डायरेक्टर येऊ दे. लग्नाच्या पहाटे पपनसाच्या पानांच्या पाण्याने आंघोळ करायची, डोक्यावरून, म्हणजे अशुभ सगळं उतरेल. पानं मी पाठवतो, बाजारात शिळी देतात."

"आणि आत्याबाई?"

"आत्या बसेल, नाहीतर उठेल. टेबलं अठ्ठेचाळीस आहेत."

मंगळवारी काका मेले. कोंगने नवा कागद लिहिला: बापाला तीन वर्षांपूर्वीच मढ्याने चावलेलं असतं, आणि लेकीच्या लग्नाच्या चहापर्यंत त्याने स्वतःला नेटाने माणूस ठेवलेलं असतं. पेला खाली ठेवतो आणि हात ताठ होतात. फोंगताईने त्या दिवशी कागद लावताना घाई केली नाही. गुरुवारी हॉलमध्ये लोक किंचाळले, मग रडले, आणि दुसऱ्या दिवशी शेजारपाजाऱ्यांना घेऊन परत आले.

बुधवारपासून काकांनी तीन कामं नाकारली. नवव्या महिन्यात, ठरल्या दिवशी, फोंगताई पहाटेच त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी पोचली. बिक-हाचा चेहरा तिने सजवला. काका न्हाऊन आले होते, अंगाला पपनसाच्या पानांचा वास. सवयीने तिने ब्रश उचलला.

"मला काही लावू नकोस," काका म्हणाले.

तिने ब्रश ठेवून दिला. मुलगा आला, दोघांनी गुडघे टेकले. काकांनी चहा घेतला, त्यातले खजूर आणि कमळाच्या बिया चमच्याने एकेक खाल्ल्या. कुठेही घाई नाही. जावई अवघडून गेला, तरी उठा म्हणाले नाहीत. बिक-हा मान खाली घालून हसत होती. "बाबा, पुरे ना," ती शेवटी म्हणाली, "गुडघे दुखले."

रात्री जेवणाच्या हॉलमध्ये आत्याबाई मुख्य टेबलावर काकांच्या शेजारीच आल्या. पहिले चार पदार्थ होईपर्यंत एकटक बघत राहिल्या. मग जेवायच्या काडीच्या टोकाने त्यांनी काकांच्या मनगटाला टोचलं. काका म्हणाले, "आई गं." आत्याबाई उठल्या आणि अठराव्या टेबलावर जाऊन बसल्या. पण फोटो काढायला मात्र सगळ्यांत आधी त्याच आल्या, आणि त्यांच्यामागे बाकीची सत्तेचाळीस टेबलं.

तो सिनेमा पाच आठवडे चालला. पुढे चार-पाच वर्षांत लोकांना मढ्यांचा कंटाळा आला, जसा सगळ्याचा येतो. कोंग १९९१मध्ये बायकोमुलांसह कॅनडाला गेला आणि तिथे त्याने छपाईचा धंदा काढला. पत्रं तो अजून वापरलेल्या कागदाच्या पाठीवरच लिहितो. चहावाल्या हो आजी नव्वद पार करून गेल्या. शेवटपर्यंत त्या काकांना चहा देताना जरा बिचकत. आत्याबाई सत्त्याण्णव वर्षं जगल्या. माकशेठचं दुकान मुलाने चालवलं, पुढे भाडं परवडेना तेव्हा शा तिनला हलवलं. बिक-हा तिथेच एका बालवाडीची मुख्याध्यापिका झाली. तिला दोन मुली, दोघींनाही भुताचे सिनेमे बघवत नाहीत.

यिम काका १९९५च्या वसंतात गेले, दुपारी, लेकीच्या घरी, आरामखुर्चीत. शेवटची दोन वर्षं ते रोज पिशवी घेऊन बाहेर पडत आणि खरोखरच्या मासळीवालीशी भांडत. माकशेठनी व्याह्यांसाठी डुक्कर स्वतःच्या हाताने भाजलं आणि डोंगरापर्यंत सोबत नेलं.

फोंगताई अजून आहे. स्टुडिओच्या जागी आता उंच इमारती झाल्या आणि त्यांतल्याच एकीत, नवव्या मजल्यावर, ती भाचीकडे राहते. हात थरथरतो म्हणून कुणाचा चेहरा रंगवत नाही. सकाळी खाली बागेत व्यायामाला जाते, बाकावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत राहते. भाची म्हणते, "मावशी, असं टक लावून बघू नये, लोकांना राग येतो." फोंगताई ऐकते आणि पुन्हा बघते.